बॅटरीच्या टूलने केलेला फ्लेअर पुन्हा पुन्हा गळतोय? तपासणी कुठून सुरू करायची

स्प्लिट एसीचा गॅस जातो, कुणीतरी येऊन भरतो, दोन-तीन महिने थंडावा येतो आणि परत तेच. पाइपजोडणी बॅटरीवरच्या फ्लेअरिंग टूलने केलेली असते, फ्लेअर, म्हणजे नटाखाली दाबून बसवायचं तांब्याच्या पाइपचं शंकूसारखं पसरवलेलं तोंड, दिसायला गुळगुळीत असतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाला संशय येत नाही. मग दोष कॉइलला, नाहीतर कंपनीला दिला जातो. अशा जोडण्या मी वर्षानुवर्षं उघडत आलोय. माझं ठाम मत असं झालंय की टूल क्वचितच दोषी असतं. ते फक्त शेवटची क्रिया करतं, आणि फ्लेअर बिघडतो तो बहुतेक वेळा पाइप टूलमध्ये जायच्या आधी. बॅटरीच्या टूलमुळे हाताला जोर लागत नाही, म्हणून त्या आधीच्या कामावरचं लक्षच उडतं.

हे मुख्यतः एसी-फ्रिजचं काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. घरमालकांनी लक्षणांचा भाग आणि शेवटचा भाग जरूर वाचावा, पण मधलं काही स्वतः करायला जाऊ नये.

लक्षणं

थंडावा हळूहळू कमी होतो, एका दिवसात जात नाही. आउटडोअरपाशी बारीक पाइपवर, म्हणजे २ सुतीवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), बर्फ धरायला लागतो. इनडोअरची जाळी काढून पाहिली तर कॉइलचा एकच भाग गार किंवा बर्फाळलेला आणि बाकीचा कोरडा असतो. नटाभोवतीचं इन्सुलेशन सोललं की आत तेलकट काळपट चिकटा दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. हा चिकटा दिसला तर अर्धं निदान तिथेच झालं.

काम करतानाच दिसणारी काही चिन्हंही आहेत. नट आवळताना पाइप त्याच्याबरोबर फिरतो. फ्लेअर एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद येतो. कडेला केसाएवढी चीर दिसते. किंवा नट फ्लेअरवर सरकवताना अडकतो.

आधी खात्री करा की गळती फ्लेअरचीच आहे

यात पैसे जात नाहीत, वेळही फार नाही, तरी हीच पायरी सर्वात जास्त वेळा वगळली जाते. सर्व्हिस पोर्टच्या (गॅस भरायच्या तोंडाच्या) आतली पिन आणि व्हॉल्व्हच्या टोप्या आधी पाहा. गॅस भरल्यावर पिन नीट बसली नसेल आणि वरची टोपी हरवली असेल, तर फ्लेअर दहा वेळा नवा केलात तरी गॅस जाणारच. टोपी नुसती धुळीसाठी नसते, ती दुसरं सील असते. ती पान्याने हलकी आवळलेली हवी.

साबणाचं पाणी लावायचं ते एसी बंद ठेवून, थांबल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटांनी. हे महत्त्वाचं आहे. ज्या मशीनचं कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा भाग) आउटडोअरमध्येच असतं, त्यात कूलिंग चालू असताना दोन्ही पाइपांत कमी दाबाची बाजू असते. आर-३२ या गॅसमध्ये तो दाब साधारण ११० ते १४० पीएसआय असतो. मशीन थांबलं की सगळीकडे दाब सारखा होतो. ३० अंश तापमानाला आर-३२ चा दाब २६५ पीएसआयच्या आसपास जातो आणि विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी ३९० पीएसआयपर्यंत. चालू मशीनवर बुडबुडा न दाखवणारा नट बंद मशीनवर लगेच बोलतो. जुन्या आर-२२ गॅसचा दाब त्याच ४५ अंशांना २३५ च्या घरात असायचा. तेव्हा चालून जायचा तसा फ्लेअर आता चालत नाही, त्याचं कारण हेच.

बुडबुडे कुठून येतात तेही नीट पाहा. नटाच्या मागून, जिथून पाइप बाहेर पडतो तिथून येत असतील, तर फ्लेअरच्या मानेला चीर असण्याची शक्यता जास्त. आट्यांच्या बाजूने येत असतील, तर फ्लेअर सीटवर (समोरच्या जोडाच्या शंकूसारख्या टोकावर) नीट बसलेला नाही.

एक सूचना. भांड्याचा किंवा फरशीचा कुठलाही साबण वापरू नका. अमोनिया असलेल्या द्रावणाने पितळी नट काही काळाने तडकतो. गळती तपासण्यासाठीचाच स्प्रे घ्या, आणि काम झाल्यावर नट पुसून कोरडा करा.

नट आवळणं

गळती फ्लेअरचीच ठरली तरी लगेच कापाकापी नको. नट दोन पान्यांनी आवळला होता का? एक पाना नटाला, दुसरा समोरच्या जोडाला. एकच पाना वापरला की पाइपला पीळ बसतो आणि सीट वाकडी दाबली जाते.

टॉर्क पाना असेल तर साधारण आकडे असे आहेत: २ सुती, म्हणजे पाव इंच, १४ ते १८ न्यूटन मीटर; ३ सुती ३४ ते ४२; ४ सुती ४९ ते ६१; ५ सुती ६८ ते ८२. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर नट हाताने पूर्ण बसवून पुढे २ आणि ३ सुतीला ६० ते ९० अंश, ४ आणि ५ सुतीला ३० ते ६० अंश फिरवा. २ सुतीला पान्याचा दांडा १५० मिलिमीटर पुरतो, ५ सुतीला ३०० लागतो. बारीक नटाला लांब पाना लावणं हे फ्लेअर चिरण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

नट ढिला सापडला तर ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा आणि पुन्हा तपासा. पण योग्य टॉर्कवरही बुडबुडे येत असतील तर "अजून थोडा आवळू" हा विचार सोडा. जास्त आवळल्याने तांबं पातळ होतं, आज गळती थांबते आणि उन्हाळ्यात परत सुरू होते.

उघडण्याआधी

इथे जिवाला धोका आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. गळती असलेल्या मशीनवर पंपडाउन (कॉम्प्रेसर चालवून गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेणं) करू नका. कॉम्प्रेसर गॅस ओढत असताना पाइपमधला दाब वातावरणाच्या खाली गेला, तर गळक्या जोडातून हवा आत येते. हवा आणि तेल कॉम्प्रेसरमध्ये दाबले गेले की तो फुटू शकतो. असे अपघात झालेले आहेत. गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढा. आर-३२ हा मंद का होईना पण पेट घेणारा वायू आहे आणि आर-२९० तर प्रोपेनच. बंद गॅलरीत, बाजूला देवघराची समई किंवा स्वयंपाकाचा गॅस चालू असताना जोड उघडायचा नाही.

फ्लेअर वाचायला शिका

जोड उघडल्यावर फ्लेअर फेकून देऊ नका. तो उजेडात धरा. सीटला टेकलेल्या जागी चकचकीत वर्तुळ उमटलेलं असतं. ते सगळीकडे सारख्या रुंदीचं हवं. कुठे तुटलेलं असेल तर तिथे ओरखडा, कचरा किंवा चपटेपणा आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल, तर पाइप तिरका कापला होता किंवा जोडात तिरका शिरत होता.

मग व्हर्नियर (व्यास मोजायची पट्टी) लावा. आर-३२ आणि आर-४१०ए साठी फ्लेअरचा बाहेरचा व्यास असा हवा: २ सुती ८.७ ते ९.१ मिलिमीटर, ३ सुती १२.८ ते १३.२, ४ सुती १६.२ ते १६.६, ५ सुती १९.३ ते १९.७. लहान आला तर सीटवरची पकड अपुरी पडते. मोठा आला तर कड नटाच्या आतल्या भिंतीला घासते, पाइप नटाबरोबर फिरतो आणि टॉर्क पाना "झालं" असं सांगतो, पण तो जोर सीटवर पोचलेलाच नसतो. साधा व्हर्नियर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बॅटरीचं टूल विकत घेणाऱ्याने तो पहिल्यांदा घ्यावा असं मी सगळ्यांना सांगतो.

कापलेलं तोंड

माझ्या अनुभवात सर्वात जास्त दोष इथे सापडतात, म्हणून इथे वेळ द्या.

कटरचं चाक बोथट झालं की ते तांबं कापण्याऐवजी दाबत जातं. पाइपचं तोंड आत वळतं आणि जाड बर (कापताना कडेला उरणारी धारदार कोर) तयार होते. बॅटरीवरच्या कटरमध्ये हे कळतच नाही, कारण जोर मोटर लावते. हाताच्या कटरने कापताना चाक बोथट झालंय हे बोटांना समजतं. त्यामुळे बॅटरी कटर वापरणाऱ्याने चाक ठरावीक काळाने बदलावं, आणि कापलेल्या तोंडावर आतून बोट फिरवून पाहण्यापेक्षा टॉर्च मारून पाहावं, बोट कापतं. शिवाय बॅटरीचे काही कटर ४ सुतीपासून पुढचेच पाइप धरतात. २ आणि ३ सुतीसाठी मग हेल्पर हॅकसॉ उचलतो. हॅकसॉने कापलेल्या तोंडाचा चांगला फ्लेअर होत नाही, आणि भुसा आत पडतो तो वेगळाच. बारीक पाइपसाठी छोटा हाताचा कटर पिशवीत असायलाच हवा. कापताना दर फेरीला थोडंच आवळायचं.

नंतर डीबर, म्हणजे ही बर काढणं. बर न काढता फ्लेअर केला तर तीच बर टूलच्या शंकूखाली दाबली जाऊन सीटच्या जागी दुहेरी थर होतो, आणि गळती तिथूनच सुरू होते. उलट रिमर (बर खरवडायचं हत्यार) फार फिरवला तर तोंडाची भिंत सुरीसारखी पातळ होते आणि तीच पातळ कड फ्लेअरची बाहेरची कड बनून चिरते. बॅटरीवर फिरणाऱ्या डीबररने दुसरी चूक फार होते, कारण एका सेकंदात तो हवं त्यापेक्षा जास्त खातो. बर गेली की थांबायचं, उतार करायचा नाही. आणि पाइपचं तोंड खाली, नेहमी खाली. एक तांब्याची किस आत गेली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत नाहीतर कॅपिलरीत जाऊन बसते. मग गळतीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

पाइप किती बाहेर ठेवायचा

आर-३२ आणि आर-४१०ए साठी बनवलेल्या क्लच टूलमध्ये (ठरलेल्या दाबाला आपोआप सुटणाऱ्या) पाइप डायच्या, म्हणजे पाइप पकडणाऱ्या साच्याच्या, वर ० ते ०.५ मिलिमीटर ठेवायचा असतो. जुन्या क्लच टूलला १ ते १.५ आणि पंखनटवाल्या जुन्या टूलला १.५ ते २ मिलिमीटर लागतो. वर्षानुवर्षं पंखनटवालं टूल वापरलेला हात सवयीने पाइप जास्त बाहेर ठेवतो आणि नव्या टूलमध्ये फ्लेअर मोठा येतो. ज्या बॅटरी टूलमध्ये पाइप टेकवायला पट्टी असते, तिथे पाइप पट्टीला टेकवून आधी डाय आवळायची, मगच पट्टी बाजूला. आधी पट्टी सरकवली की पाइप खाली घसरतो.

एक गल्लत सांगून ठेवतो. साध्या ड्रिलला लावायचे जे स्वस्त बिट मिळतात, ते बहुतेक पाइपचं तोंड मोठं करून दुसरा पाइप आत बसवण्यासाठी, म्हणजे स्वेजिंगसाठी असतात. त्यानंतर ब्रेझिंग (तापवून डाक देणं) करायचं असतं. फ्लेअर नटाखालची सीट त्यांनी बनवू नये. फ्लेअरसाठी म्हणून विकले जाणारे ड्रिल बिटही तांबं घासून तापवतात. चांगल्या टूलचा शंकू मध्यापासून जरा सरकलेला असतो, म्हणून तो घासत न जाता लोळत जातो आणि भिंतीची जाडी सारखी राहते.

डाय आणि शंकू

डाय उघडून जुन्या ब्रशने साफ करा. खाचांमध्ये तांब्याची पूड बसली की डाय पूर्ण मिटत नाही, पाइप दाबाखाली सरकतो आणि फ्लेअर लहान येतो. मापाची डायही तपासा. मेट्रिक आणि इंची पाइपची मापं इतकी जवळ असतात की चुकीच्या डायमध्येही पाइप बसल्यासारखा वाटतो, पण एकतर घसरतो किंवा अंडाकार दाबला जातो.

शंकूवर नखाला लागेल एवढा ओरखडा असेल तर तो प्रत्येक फ्लेअरवर उमटणार. शंकू बदला, घासून गुळगुळीत करण्याच्या नादी लागू नका. शंकूवर, आणि नंतर फ्लेअरच्या आतल्या अंगावर, मशीनमध्ये असतं त्याच जातीच्या तेलाचा एक थेंब. आर-३२ ला बहुतेक पीओई (एक कृत्रिम तेल). ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून बाटली उघडी ठेवायची नाही. खनिज तेल, ग्रीस, सफेदा, टेफ्लॉन टेप यांतलं काहीही सीटवर नको. फ्लेअरचं सील तांबं आणि पितळ एकमेकांना टेकून होतं, मध्ये काही भरून होत नाही.

बॅटरी

उतरलेल्या बॅटरीवर मोटर फिरते, पण शेवटचा दाब देत नाही. काही टूल अशा वेळी दिवा लावून थांबतात, काही थांबत नाहीत. तपासायला खर्च नाही: एकाच पाइपच्या तुकड्यावर एक फ्लेअर भरलेल्या बॅटरीने आणि एक शेवटच्या खुणेवरच्या बॅटरीने करा, दोन्ही मोजा. फरक आला तर त्या टूलवर अर्ध्याखालच्या बॅटरीने फ्लेअर करायचाच नाही. बॅटरी उन्हात उभ्या टेम्पोत ठेवू नका. तापलेली बॅटरी चार्जर बहुधा नाकारतोच, आणि वारंवार तापलेली बॅटरी लवकर दम सोडते. फुगलेली दिसली तर ती वापरातून काढा.

पाइप आणि नट

आता खर्चाच्या गोष्टी. बाजारात हलक्या गेजचा (पातळ भिंतीचा) पाइप सर्रास मिळतो. २ ते ४ सुतीला भिंत ०.८ मिलिमीटर आणि ५ सुतीला १ मिलिमीटर असावी, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. पातळ पाइपचा फ्लेअर त्याच टूलने, त्याच सेटिंगवर अजून पातळ येतो.

घर बदलताना काढून आणलेला जुना पाइप पुन्हा पुन्हा वाकवला-सरळ केलेला असतो आणि तांबं अशाने कडक होतं. त्याची कड चिरते. जुना फ्लेअर परत वापरायचा नाही, आणि त्याच टोकावर दुसऱ्यांदा फ्लेअर मारायचा नाही. थोडा पाइप मागे कापून मऊ भागावर नवा करा. तरीही चिरत असेल तर पाइप बदला. ग्राहकाला हे सांगणं जड जातं, पण दर वर्षी गॅस भरण्याच्या खर्चापुढे तो पाइप स्वस्त पडतो.

४ सुतीचा आर-२२ काळातला नट २४ मिलिमीटर पान्याचा असतो आणि आर-४१०ए/आर-३२ चा २६ चा. ५ सुतीला २७ आणि २९. आटे जुळतात म्हणून जुना नट बसतो, पण त्याची भिंत पातळ आणि आतली जागा कमी असते. २ आणि ३ सुतीला पाना तोच, १७ आणि २२, तिथे फसगत होत नाही.

पाइप जोडात सरळ शिरला पाहिजे. नटाच्या लगेच मागे वाकण काढलं तर फ्लेअर कायम ताणाखाली राहतो, आणि ब्रॅकेट हलत असेल तर तो ताण रोज थोडा थोडा जोड सैल करतो. हात लावून आउटडोअर हलतंय का पाहा.

बंद करण्याआधी दाब

नायट्रोजन रेग्युलेटर लावून, टप्प्याटप्प्याने, कंपनीने दिलेल्या मर्यादेत दाब द्या. रात्रभर ठेवता आला तर उत्तम. ५०० पीएसआयवर तापमान १ अंशाने बदललं की दाब जवळपास पावणेदोन पीएसआयने बदलतो. संध्याकाळी लावलेला दाब पहाटे दहा-पंधरा पीएसआयने उतरलेला दिसला तर आधी दोन्ही वेळचं तापमान पडताळा. ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट कधीही नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे स्फोट. नायट्रोजन टिकला की व्हॅक्यूम, मायक्रॉन गेजवर (व्हॅक्यूम मोजणाऱ्या) ५०० च्या खाली, आणि पंप बंद करून तो टिकतो का ते पाहूनच गॅस, तोही वजन करून.

इथे थांबा

घरमालकाने लक्षण ओळखलं की मशीन बंद करून तंत्रज्ञाला बोलवावं. वॉरंटी असेल तर कंपनीच्याच माणसाला. येणारा माणूस गळती न शोधता "गॅस भरून देतो" म्हणाला तर नको म्हणा.

रिकव्हरी मशीन नसेल, किंवा आर-२९० चं मशीन असेल आणि त्याचं प्रशिक्षण नसेल, तर जोड उघडू नका. आउटडोअर भिंतीबाहेर लटकलेलं असेल आणि दोर-पट्ट्याची सोय नसेल तर वर चढू नका. नवा, मापात बसलेला फ्लेअर योग्य टॉर्कवर दुसऱ्यांदा गळला, तर सर्व्हिस व्हॉल्व्हची सीट नखाने तपासा. तिथे ओरखडा असेल तर तांब्याची चकती घालून वेळ मारून नेऊ नका. व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे नायट्रोजन सोडत ब्रेझिंग, आणि ते रोज करणाऱ्याकडेच द्या.

आणि सगळं बरोबर असताना चांगल्या पाइपवर, भरलेल्या बॅटरीने टूल दर वेळी वेगळ्या मापाचा फ्लेअर देत असेल, तर त्याचा क्लच किंवा गिअर झिजलाय. तो स्वतः उघडला तर दाबाचं सेटिंग जातं आणि ते घरी परत लावता येत नाही. एकाच पाइपवर केलेले चार-पाच फ्लेअर नटासकट कापून, प्रत्येकावर मार्करने व्यास लिहून, टूलबरोबर सर्व्हिस सेंटरला द्या. नुसतं "नीट चालत नाही" असं सांगितलं की टूल साफ करून परत येतं. हातात मोजलेले तुकडे दिसले की क्लच तपासला जातो.